धोंडप्पाची राहिलेली व्याहीभेट

धोंडप्पाला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. ते त्याच्या हाडातच नव्हतं. रस्त्यात कुणी नुसतं "चा घेता का?" म्हटलं, की हा चप्पल काढून मोकळा. एकदा उमरीला एका सोयऱ्याच्या मयतीला निघाला, वाटेत ओळखीचे भेटत गेले आणि पोचला तो थेट तिसऱ्याच्या दिवशी. वर तिथं बसून म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं, गर्दी कमी झाली."

अशा माणसानं वाटाड्या व्हायचं म्हणजे गोगलगाईनं टपाल वाटायचं. पण झालं खरं तसं.

मागच्या साली माळेगावच्या यात्रेत तो बैल घ्यायला गेला. तिथं खेचरवाल्यानं त्याला बसवून घेतलं, चहा पाजला, भजी खिलवली. एवढं खाल्ल्यावर तसंच उठून जाणं बरं दिसेना. संध्याकाळी तो दोन खेचरं घेऊन दारात उभा राहिला. बायकोनं, सिंधुनं, तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "बैल कुटंय?"

"ह्येच की."

"हे दोन हायेत."

"हाव. एकाच्या पैशात."

सिंधु पुढं काही बोलली नाही. ती बोलली नाही की धोंडप्पाला जेवण जात नसे.

दोन्ही जनावरं बिलोलीकडच्या वीटभट्टीवर राबलेली. मादीच्या पाठीवर तळहाताएवढ्या जखमा होत्या. धोंडप्पानं कडुलिंबाचं तेल लावून लावून त्या भरून काढल्या, तिचं नाव बिजली ठेवलं. दुसरा गडी नेहमी तिच्या मागं मान खाली घालून चाले, म्हणून तो हवालदार. भट्टीतली एक सवय मात्र बिजलीच्या अंगातून गेली नाही. पाठीवर ओझं पडलं की निघायचं, आणि ओळखीचं ठिकाण आलं की थांबायचं. मधेअधे कुणी ओरडो, ओढो, तिला देणं-घेणं नसे.

गाव हसायचं ते हसलं. "धोंडप्पाची अक्कल यात्रेत हरवली, आन् दोघं तिला हुडकत हुडकत घरी आले," असं शेजारचा शेषेराव पारावर बसून सांगे. आणि भट्टीवाला दोनदा येऊन गेला होता. पैसे घ्या, खेचरं परत द्या म्हणे. सिंधु म्हणाली, "संक्रांतीपस्तोर ह्यांनी काही कमवलं तर ठीक. न्हाई तर मुकाट्यानं भट्टीवर धाडा." त्या रात्री धोंडप्पानं बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा त्याला त्या भरलेल्या जखमा बोटांना लागल्या आणि तो परत तेलाची वाटी घेऊन बसला.

तेवढ्यात लातूरची ऋतुजा आली. कोचिंग क्लासमध्ये झाडापानांचं शास्त्र शिकवून कंटाळलेली पोर. शनिवार-रविवार लोकांना डोंगरावर मुक्कामाला नेण्याचा तिनं उद्योग काढला होता. तंबू, गाद्या, पाणी, शेगडी खेचरांवर आणि माणसं पायी. आपला टेंभीचा डोंगर, सह्याद्रीवाले त्याला टेकाड म्हणतील. पण लातूरच्या माणसाला तो पुरतो.

"काका, एकच अट," ऋतुजा म्हणाली. "सूर्य मावळायच्या आत वर. लोक त्यासाठीच येतात. पोचवलंत तर दर शनिवारी तुमचीच खेचरं. नाही जमलं तर मागच्या रस्त्यानं टेम्पो चढतो, मला तो बघावा लागेल."

"पोचीवलंच समजा," धोंडप्पा म्हणाला. त्याला नाही म्हणता येत नव्हतंच.

दिवस ठरला वेळा अमावास्येचा, म्हणजे इकडच्या येळवशीचा. लातुरात सुट्टी, वर चंद्र नाही म्हणजे चांदण्या ठसठशीत. कागदावर सगळं बरोबर होतं. पण ज्याला येळवस माहीत आहे त्याच्या काळजात इथंच धस्स व्हावं. येळवशीला लातूरला कुलूप लागतं, अख्खा मुलूख शेतात असतो. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, कोपीत पूजा, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, ताकातल्या आंबिलीचा डेरा. आणि रीत अशी, की बांधावरून जाणारा माणूस जेवल्याशिवाय पुढं जाता कामा नये. मग तो पाव्हणा असो, तलाठी असो, की चुकलेला वऱ्हाडी.

आणि वाटाड्या कोण, तर धोंडप्पा.

सिंधु सकाळीच "मी माहेरच्या शेतात जाते येळवशीला" म्हणून निघून गेली होती. धोंडप्पानं पालाणं कसली. हवालदारावर पाण्याचे कॅन आणि शेगडी, बिजलीवर हलक्या गाद्या. लातूरची आठ-दहा माणसं टोप्या घालून हजर. त्यांच्यात राजशेखर सर म्हणून भौतिकशास्त्राचे मास्तर होते. ते चालताना वेगाचं सूत्र सांगत होते.

पहिल्या बांधावर शेषेरावानंच गाठलं. "धोंडप्पा, पाव्हणे उपाशी नेलालास का?"

"दादा, घाई हाय."

"मग उभ्यानंच जेवा."

येळवशीला उभ्यानं कुणी जेवतं का? बसले. भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, वरून आंबील. पुढच्या बांधावर धोंडप्पाचा शाळेतला दोस्त. त्याच्या पुढं दोस्ताचा भाऊ, तो म्हणाला, "त्याच्याकडं बसलाव, आमच्याकडं न्हाई? मग आमचं काही चुकलं का?" ह्या प्रश्नाला आजवर मराठवाड्यात कुणाकडं उत्तर नाही. पुन्हा बसले. आंबील थंड असते, आंबट असते, आणि पोटात गेली की आधी पाय झोपतात, मग माणूस. राजशेखर सरांचं सूत्र केव्हाच बंद पडलं होतं. ते पानवेलीसारखे डोलत चालले होते.

ऋतुजानं सूर्याकडं पाहिलं, मग धोंडप्पाकडं. "काका."

"कळलं," धोंडप्पा म्हणाला. "आता वढ्यावढ्यानं जाऊ. तिकडं शेत न्हाई, माणूस न्हाई."

हे अर्धं खरं होतं. ओढ्याच्या वाटेवर शेत एकच होतं, पण तिथून तोंड फिरवून जायचं त्याचं ठरलेलं होतं. ते त्याच्या व्याह्याचं, वैजनाथरावाचं शेत. धोंडप्पाची लेक सुकन्या त्या घरी दिलेली.

भांडण हुंड्याचं नव्हतं, मानपानाचंही नव्हतं. लग्नात व्याहीभेट झाली. दोन्ही बापांनी एकमेकांना मिठी मारून उचलायचं, एवढीच रीत. वैजनाथराव मोठा गडी. त्यानं धोंडप्पाला पेंडीसारखा उचलला, गर्रकन फिरवला, ठेवला. मग धोंडप्पाची पाळी. त्यानं कवळ घातली, दात खाल्ले, जोर लावला. वैजनाथरावाचे पाय जमिनीवरून सुटले नाहीत, पण धोंडप्पाचं धोतर सुटलं. आणि वैजनाथराव भर मांडवात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या इवाई. उद्या मजूर लावून उचलू."

मांडव हसला. आचारी हसले. बँडवाल्यानंसुद्धा एकदा ढम्म केलं. धोंडप्पानं धोतर सावरत शपथ घेतली, ह्या माणसाच्या शेतातलं पाणीसुद्धा पिणार नाही. आयुष्यात एवढ्या एकाच जागी त्यानं 'नाही' म्हटलं होतं, आणि त्याला ते फार जपावंसं वाटे. लेक सणाला माहेरी येई, हा तिचे लाड करी. पण तिच्या दारात पाय ठेवला नव्हता.

तर ओढ्यावरून वळण घेतलं, वैजनाथरावाचं कुंपण दिसलं, आणि धोंडप्पानं मान दुसरीकडं फिरवून पाय उचलला. पण हातातला कासरा ताणला गेला. बिजली थांबली होती. नुसती थांबली नाही; तिनं कान टवकारले, डावीकडं वळली आणि बांबूचं फाटक नाकानं ढकलून सरळ आत गेली. पाठोपाठ हवालदार. हवालदाराच्या पाठोपाठ, हाही कार्यक्रमातलाच भाग असणार असं समजून, सगळं लातूर.

"बिजले," धोंडप्पा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं आपला रस्ता हिकडं हाय."

बिजली चिंचेखालच्या गव्हाणीपाशी जाऊन उभी राहिली. तिथं तिच्यासाठी गुळाचा खडा ठेवलेला होता. कोपीतून सुकन्या बाहेर आली. "आली का गं राणी?" म्हणत तिनं बिजलीचं नाक कुरवाळलं, मग कासरा धरणारा हात बघितला, मग हाताचा धनी. "आप्पा?"

कोपीच्या तोंडाशी धोंडप्पाला आणखी एक माणूस दिसलं. हातात पळी, पदर खोचलेला, समोर भज्जीचं पातेलं. सिंधु.

"तू माहेरी गेलतीस ना?" धोंडप्पानं विचारलं.

"लेकीचं घर माहेरच की," सिंधु म्हणाली. "बसा. भज्जी निवायलीय."

धोंडप्पाच्या डोक्यात आता एकेक उजेड पडू लागला. दर बाजाराला सिंधु बिजलीवर दळण टाकून गिरणीला जाई आणि दिवस कलल्यावर परते. हा लोकांना कौतुकानं सांगे, "गिरणीला लई गर्दी ऱ्हाती, पण बाई पीठ घेतल्याबिगर हालत न्हाई."

"म्हंजे गिरणी..."

"गिरणी आपल्याच गल्लीत हाय," सिंधु म्हणाली. "तुमाला कदी दिसली न्हाई, त्याला मी काय करू?"

एवढ्यात वैजनाथराव धोतर झटकत उठला. आवाज लग्नात होता तसाच, रिकाम्या घागरीत बोलल्यासारखा. "या इवाई. वाट चुकलाव का?"

"मी न्हाई चुकलो. जनावर चुकलं."

"जनावर दर आठवड्याला येतंय. त्याचं चुकलेलं न्हाई."

लातूरकर तोवर पंगतीला बसले होते. राजशेखर सर पंगतीत आडवे झाले होते. ऋतुजा धोंडप्पापाशी आली. सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकला होता. "काका, आता ओढ्यानं गेलो तर अंधार होईल. मी टेम्पोवाल्याला फोन करू का?"

धोंडप्पानं बिजलीचा कासरा ओढला. ती हलली नाही. गूळ दाखवला, तिनं तो खाल्ला आणि तशीच उभी राहिली. त्याच्या डोळ्यांपुढं भट्टी आली. विटांची चळत, भरलेल्या जखमांवर पुन्हा पडणारं पालाण. त्यानं घसा खाकरला.

"इवाई," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "तुमच्या मागल्या बांधावरून सरळ वर वाट जाती म्हणतेत."

"जाती की. काटी लावलीय, काडून देतो. पण आपला एक येव्हार राहिलाय." वैजनाथरावानं दोन्ही हात पसरले. "माजी पाळी झाली. तुमची ऱ्हायली. का मजूर बोलवू?"

सिंधुनं पळी खाली ठेवली. सुकन्यानं तोंडाला पदर लावला.

लग्नात धोंडप्पानं माणूस समजून व्याह्याला उचलायला घेतलं होतं. मधल्या काळात त्यानं रोज शेणखताच्या गोण्या उचलून खेचरांवर लादल्या होत्या. ह्या वेळी त्यानं आधी धोतराची गाठ दोनदा तपासली. मग एक गुडघा टेकला, वैजनाथरावाला छातीशी न धरता कमरेवर घेतलं, श्वास सोडला आणि उठला. वैजनाथराव जमिनीपासून सुटला. हातभर.

खरं म्हणजे इथं त्याला खाली ठेवायचा. पण हाताला सवय ती सवय. गोणी उचलली की हात पुढचं काम आपोआप करतो. धोंडप्पा दोन पावलं वळला आणि व्याह्याला उचलून बिजलीच्या पाठीवर, गाद्यांच्या चळतीवर, व्यवस्थित मधोमध ठेवून दिला.

ओझं पडलं की निघायचं. बिजली निघाली.

"इवाई," वैजनाथराव वरून म्हणाला, "हे काय करून राहिलाव?"

"हलू नका. माल कलंडतो."

लातूरकरांनी टाळ्या वाजवल्या. राजशेखर सर त्या आवाजानं जागे झाले आणि सवयीनं म्हणाले, "पुढचा प्रश्न." मग सगळे ताडकन उठून मागं लागले. मागच्या बांधाची काटेरी फांद्यांची काटी सुकन्यानं काढली. वैजनाथराव गाद्यांवर बसून "डावीकडून, त्या बोरीच्या खालून, आता सरळ" असं सांगत राहिला, आणि कासरा धरून पुढं चालणारा धोंडप्पा प्रत्येक वेळी "हाव, हाव" म्हणत राहिला, जसा तो जन्मभर सगळ्यांना म्हणत आला होता.

वर पोचले तेव्हा सूर्य नव्हता. पश्चिमेला नुसती लाली होती. धोंडप्पानं व्याह्याला उतरवलं आणि बिजलीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. ऋतुजाचा टेम्पोवाल्याला जाणारा फोन त्याला ऐकायचा नव्हता.

आणि खाली एक ठिणगी पेटली. मग दुसरी. शेतकऱ्यांनी गवताच्या पेंढ्यांचे हेंडगे पेटवले होते, आणि ते खांद्यावर घेऊन आपापल्या शेताला फेरी घालत होते. बघता बघता सगळा मुलूख उजळत गेला. विस्तवाचे ठिपके बांधाबांधावरून पळत होते, 'ओलगे, ओलगे' असा येळवशीचा अस्पष्ट गलका वर येत होता. जवळच्या शेतातला ठिपका सिंधु आणि सुकन्याचा असावा. तो फार वाकडातिकडा पळत होता.

फोटो काढायचंही बराच वेळ लातूरकरांना सुचलं नाही.

"काका," ऋतुजा म्हणाली, "हे वर्षातून एकदाच. पुढच्या शनिवारी काय दाखवणार?"

"पुढल्या शनिवारी येळवस न्हाई," धोंडप्पा म्हणाला. "वाटंत कुणी जेवायला घालत न्हाई. मग सूर्य टायमावर दावतो की."

ऋतुजा हसली. "सकाळी निघू. आणि मागच्या बांधानंच."

"म्हंजे दर शनिवारी माज्या शेतातून?" वैजनाथरावानं विचारलं.

"तुमची हरकत हाय का इवाई?"

"हरकत न्हाई. पण मला खाली चालत जाऊ द्या." तो कंबर चोळत बसला आणि कॅनमधून पाणी काढून तांब्या धोंडप्पापुढं धरला. "घ्या. हे लातूरवाल्यांचं हाय, माज्या शेतातलं न्हाई. शपथ मोडत न्हाई."

धोंडप्पा गटागटा प्यायला. तोंड पुसून म्हणाला, "मचूळ हाय. सकाळी खाली गेल्यावर तुमच्याकडचंच घेऊ."