रेफरीनं माझा हात वर केला

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमची बटालियन राजस्थानात होती. काश्मीरला हलायचा हुकूम आलेला. त्याआधी बटालियनची बॉक्सिंग फायनल उरकायची ठरलं. जिंकणारा पुण्याच्या बॉक्सिंग ट्रेनिंग कॅम्पला जाणार, हरणारा बटालियनबरोबर वर काश्मीरला. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फायनलला मी आणि भीमा. मी अवसरी बुद्रुकचा, अल्फा कंपनी. भीमा पारगावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, ब्राव्हो कंपनी. भरतीला आम्ही एकाच जीपनं गेलो होतो. बॉक्सिंग दोघंही फौजेतच शिकलो. आमच्याकडं कुस्ती. पाठ टेकली की निकाल, तो पोरासोरांनाही कळतो. ही पॉइंटांची भानगड मला आजही नीट उमगलेली नाही.

भीमानं मला धुतलं, राव. दुसऱ्या राऊंडला डावा डोळा मिटला, ओठ फाटला. मी हवेत हात मारायचो, तो गालात हसत बाजूला सरकायचा. शेवटच्या राऊंडला तो जरा सैल पडला, पण तरी माझा एक ठोसा त्याच्या तोंडाला धड लागला नाही. बेल झाली. रेफरीनं दोघांची मनगटं धरली आणि माझा हात वर केला.

मला वाटलं, साहेबांची गफलत झाली. मी सावधान उभा राहून रेफरी असलेल्या सुभेदार साहेबांना म्हणालो, "साहब, मैं हारा हूँ."

"जजमेंट फायनल है. बाहर चल."

मग बरंच कानावर आलं. कुणी म्हणे, जज अल्फा कंपनीकडं झुकले. कुणी म्हणे, तू सारखा पुढं घुसत होतास, त्याचे पॉइंट मिळाले. कुणी म्हणे, भीमानं मुद्दाम हात राखले. मी भीमालाच विचारलं. तर म्हणाला, "गप जेव. लई इचार करू नको." यातलं काय खरं धरायचं?

बटालियन वर जाण्याआधी दोघांनाही सुट्टी मिळाली. आपल्या भागातला गडी चॅम्पियन झाला, एवढाच निरोप फोनवरून गावाकडं पोचला होता. मंचरच्या एसटी स्टँडवर हलगी, गुलाल, फेटे. मंडळींनी माझं सुजलेलं थोबाड बघितलं, भीमाचं कोरं तोंड बघितलं आणि हार भीमाच्या गळ्यात घातला. आखाड्यावर वाढलेली माणसं ती. मार खाल्लेला गडी जिंकतो, हे त्यांना पटणार कसं? भीमा हार काढून मला घालायला लागला, तर एक म्हातारा म्हणाला, पोराचं मन बघा किती मोठं! मला असं हसू आलं की ओठ पुन्हा उसवला.

सुट्टी संपली. मी पुण्याला गेलो, भीमा वर गेला. कॅम्पमध्ये पहिल्याच लढतीत मी हरलो.

थोड्याच महिन्यांत बातमी आली. वायरलेसवरच्या नाईकनं मला फोनवर सांगितलं. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, नाल्यातून चढत होती. भीमा सगळ्यात पुढं, वायरलेस सेट त्याच्याकडं. अचानक फायर आला. सेटवर त्याचा आवाज शांत होता.

"राइट को मत आना. राइट से फायर है. ओव्हर."

त्यानंतर त्याचा सेट बोलला नाही. बाकीचे डावीकडून सुखरूप उतरले. मी रिसीव्हर खाली ठेवला. लाज वाटत होती, आणि जिवंत असल्याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

रजा घेऊन पारगावला गेलो. भीमाच्या वडिलांना, आबांना, कुणीतरी फायनलची हकिकत सांगितली होती. तोडलेल्या उसाच्या रानात त्यांनी खतासाठी मेंढरं बसवली होती. मला त्यांनी घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. रडले नाहीत.

"दत्ता, खरं सांग. त्या दिशी जितलं कोन व्हतं?"

"भीमा, आबा."

त्यांनी मान हलवली.

"मंग पुन्याला त्यो का न्हाई गेला?"