लाल दाखवल्यावर

शिडाच्या बोटींच्या शर्यतीत कुणी आपली वाट मारली तर तक्रार कशी करायची, हा नियम मला आजही तोंडपाठ आहे. घडलं त्याच क्षणी समोरच्याला ऐकू जाईल असं 'प्रोटेस्ट' म्हणून ओरडायचं. लगेच लाल फडकं लावायचं आणि शर्यत संपेपर्यंत काढायचं नाही. शेवटच्या रेषेवर पंचांना सांगायचं की तक्रार कुणाविरुद्ध आहे, आणि काठावर आल्यावर वेळेत कागद भरून द्यायचा. नंतर चहा पिताना केलेली कुरकुर कुणी ऐकून घेत नाही. हे सगळं मी बिनचूक केलं आणि तरी हरलो. वीसेक वर्षं झाली, राग काही जात नाही.

मी तेव्हा कारेगावात खोली घेऊन राहायचो आणि शेजारच्या एका कारखान्यात फिटर होतो. तिथल्या साहेब लोकांना घोड नदीच्या धरणात शिडाच्या बोटी चालवायचा नाद लागला होता. बोटी ओढायला आणि धुवायला माणसं हवीत म्हणून आम्हा चार कामगारांना दर रविवारी बोलावणं यायचं. दोन वर्षांत आम्हाला वारा कळायला लागला, आणि साहेबांना तो आमच्याइतका कळत नाही हेही कळलं. मग एक जुनी बोट आमच्या वाट्याला आली.

त्या वर्षीच्या शर्यतीत पहिली येणारी बोट समुद्रावरच्या शर्यतीला जाणार होती. मी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. नुसता पाहायचाही नव्हता, मला त्याच्यावर शीड उभारायचं होतं. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं.

कुठून वळायचं ते दाखवायला पाण्यात पिवळी पिंपं सोडलेली असायची. त्यांतल्या शेवटच्या पिंपाकडे वळताना आम्ही सगळ्यांत पुढे होतो. वारा आमच्या उजव्या अंगानं येत होता, आणि ज्याचा वारा उजवीकडून त्याला इतरांनी वाट द्यायची असते. माझ्याच खात्याचे साहेब डावीकडून वारा घेऊन सरळ आडवे घुसले. त्यांच्या बोटीचं नाक आमच्या बोटीच्या कुशीला घासत गेलं. मी ओरडलो, "प्रोटेस्ट!" साहेबांवर ओरडायची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. त्यांनी मागं वळून पाहिलं, म्हणजे ऐकू गेलं होतं. मी लाल फडकं दोरीला बांधलं.

आणि शीड ढिलं सोडून बोट थांबवली.

हसायचं त्यानं खुशाल हसावं. माझे वडील, आप्पा, दौंडला रेल्वेत कीमन होते. रोज रुळावरून मैलोन् मैल चालायचं, सांधे तपासायचे, आणि रूळ तुटलेला दिसला तर लाल झेंडा घेऊन येणाऱ्या गाडीसमोर उभं राहायचं. तो झेंडा घरात खुंटीला असायचा आणि त्याला हात लावायची आमची टाप नव्हती. लहानपणी मी तो एकदा खेळायला घेतला, तेव्हा आप्पांनी मला मारलं. त्याआधी नाही आणि त्यानंतरही कधी नाही. लाल दाखवणारा गाडी थांबेपर्यंत जागचा हलत नाही आणि लाल बघणारा थांबतो, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. मी साहेबांची थांबायची वाट बघत होतो. बोटीतला माझा जोडीदार मागून "रुके क्यों भाई, चलो ना" म्हणून घसा फोडत होता. शेजारून तीन बोटी निघून गेल्या तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. आम्ही पाचवे आलो.

कागद भरला. पंच होते सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, निकाल माझ्या बाजूनं दिला आणि पहिली आलेली साहेबांची बोट बाद केली. दुसऱ्या नंबरची बोट समुद्रावर जाणार हे ठरलं. मग माझं काय, असं मी विचारलं.

"त्यांनी तुझी वाट अडवली, ही चूक त्यांची," ते म्हणाले. "पण थांबलास तो तुझा तू. लाल लावून पुढं जायचं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे नियमांच्या पुस्तकात कुठं लिहिलंय? लिहिलेलं नाही, कारण कुणी थांबेल असं लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नाही. साहेब तर हसत होते. खेळ आहे, एवढं मनाला लावून घेऊ नये, असा उपदेश मलाच करून ते जेवायला गेले. चोर तो चोर, वर शिरजोर. समुद्र त्यांनी दहा वेळा पाहिलेला होता.

न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरून मी दौंडला घरी गेलो आणि आप्पांना सगळं सांगितलं.

"लाल पाह्यलं व्हतं का त्येनं?" आप्पांनी विचारलं.

"व्हय, आप्पा."

"आन् थांबला न्हाई?"

"न्हाई."

आप्पांच्या सगळ्या नोकरीत लाल बघून पुढं गेलेला ड्रायव्हर एकच होता, आणि त्याला त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं होतं.

"मंग नोकरी गेली आसंल त्येची," ते म्हणाले.

"व्हय, गेली," मी म्हणालो. आणि सकाळी पहिली एसटी धरून त्याच साहेबांच्या हाताखाली कामाला गेलो.