दुप्पट मी सांगितलं होतं

बोरी बुद्रुकला माझ्या धाकट्या भावाची द्राक्षबाग बिघडली, ती त्याच्या बायकोनं संजीवक चुकीचं कालवलं म्हणून, असं लोक आजही म्हणतात. ते खोटं आहे. आणि ते खोटं मी बोललो.

मणी फुगावेत म्हणून घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायचे दिवस होते. मोजमाप भावजयीकडे असे. सल्लागारानं दिलेल्या चिठ्ठीवर बघून, सिरिंजनं मापून ती बादलीत टाकायची, बाया एकेक घड त्यात बुडवायच्या. मी वारूळवाडीची एक बाग पाहून आलो होतो. तिथल्या मण्यांचा आकार पाहून माझं डोकं फिरलं होतं.

"दुप्पट टाक," मी म्हणालो.

"दादा, चिठ्ठीत येवढंच लिव्हलंय."

"चिठ्ठीवाल्याला आपली बाग दिसती का? टाक म्हणतो ना!"

थोरला दीर बोलला. तिनं टाकलं.

मणी फुगले, गावानं पाहावे असे. पण फुगायचा हुकूम मण्याला मिळाला तरी साखर पानांनीच करायची असते, आणि पानं होती तेवढीच होती. साल जाड, आत नुसतं पाणी. व्यापाऱ्यानं एक मणी चावला आणि थुंकला. "राव, काकडी विकता काय?"

भावानं विचारलं, "माप किती टाकलं?"

मी म्हणालो, "विचार तुझ्या बायकोला."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

पुढच्या छाटणीनंतर बऱ्याच काड्यांवर घडच आले नाहीत. जादा संजीवक पुढच्या सालाचे घड ज्यातून फुटतात ते काडीवरचे डोळेही मारतं, हे मला तोवर कळलं होतं. तरी मी गप्प. बाया म्हणायच्या, "हिला चहात साखर टाकू देऊ नका गं, दुप्पट टाकील!" सगळे हसायचे. मीही हसलो. नालायक माणूस.

यंदा भावानं नवी बाग धरली. घड बुडवायच्या पहिल्या दिवशी त्यानं सिरिंज बाहेरून आणलेल्या माणसाकडे दिली. ती मी हिसकावून घेतली आणि सगळ्या बायांसमोर ओरडलो, "दुप्पट मी सांगितलं होतं! ही नको म्हणत होती!"

कुणी हसलं नाही. भावजयीनं माझ्या हातातून सिरिंज घेतली, उजेडात धरून माप भरलं.

"हे त्याच दिवशी बोलायला काय झालं व्हतं, दादा?"

उत्तराची वाट न बघता ती बादलीकडे वळली.