मामांनी न लावलेला शेंदूर

सह्याद्रीवर माझ्या बायकोच्या मामांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडायचा नाही, आणि त्यांच्याबरोबर एकदा सह्याद्रीत गेलेला माणूस दुसऱ्यांदा जायचा नाही. माळशेज घाटात सगळे कठड्याशी दरीचे फोटो काढत असताना हे दरीकडे पाठ करून डोंगराच्या भिंतीला नाक लावून उभे. ओल्या दगडाचा रंग खुलतो म्हणून त्यांनी एकदा भर उन्हात आम्हा नऊ जणांचं पिण्याचं पाणी कड्यावर ओतून संपवलं. कड्यावरच्या आडव्या पट्ट्या ते बोटाने मोजत. एकेक पट्टी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. मध्ये कुणी बोललं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दरी तरी बघा, असं मी म्हटलं तर म्हणाले, "जावईबापू, दरी म्हणजे वाहून गेलं ते. उरलंय ते इकडे आहे."

आमचं लग्न अंधेरीला होतं. मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा. गुरुजी माइकवरून मुलीच्या मामांना पुकारत होते आणि मुलीचे मामा जवळच्या गिल्बर्ट हिल टेकडीच्या उभ्या दगडी खांबांना हात लावत फिरत होते. शेवटी मुलीच्या काकांनी वेळ निभावली. मामा थेट पंगतीला उगवले, कोटाला काळी धूळ, चेहऱ्यावर असा आनंद की रागवायचं कुणाला सुचलंच नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोठा काळा कातळ होता. मामा तळमजल्यावर राहत आणि रोज संध्याकाळी त्याला टेकून बसत. मग रिडेव्हलपमेंट आलं आणि कातळाच्या जागी पार्किंग ठरलं. मामांनी कमिटीला पत्रांवर पत्रं लिहिली. पण मोठं घर सगळ्यांनाच हवं होतं. मलाही हवं होतं, मी सही केली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना तेवढी मामांची दया आली. शेंदराची डबी घेऊन त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, नुसता फासा, नारळ फोडा, मग हात लावायची कुणाची छाती होत नाही. एवढ्याने कातळ नक्की वाचला असता. मामांनी डबी बराच वेळ हातात धरली, मग परत दिली.

"काकू, देव केला की लोक डोळे मिटून हात जोडतील. त्याच्याकडे बघणार कोण?"

कातळ फोडला त्या दिवशी मामा सकाळपासून तिथे उभे होते. दुपारी तो दुभंगला आणि आत ओंजळभर पोकळी दिसली, खडीसाखरेसारख्या पांढऱ्या स्फटिकांनी गच्च भरलेली. ब्रेकरवाल्याने आपणहून मशीन बंद केलं आणि हात जोडले. मामा गुडघ्यांवर बसले. मीही वाकून आत बघत राहिलो.

"कोट्यवधी वर्षं आत काळोख होता," मामा हळूच म्हणाले. "पहिला उजेड आज पडला. आणि बघायला आपण."

त्यातला एक तुकडा त्यांनी मला दिला. माझी सही त्यांनी पाहिली होती, तरी मलाच दिला. ते अजून मनाला लागतं.

आता मामा घाटकोपरला मुलाकडे असतात आणि गुडघ्यांना घाट झेपत नाही. गेल्या महिन्यात मी एकटाच माळशेजला गेलो, दरीकडे पाठ केली, बाटलीतलं पाणी भिंतीवर ओतलं आणि समोरच्या कड्यावरच्या पट्ट्या मोजायला लागलो. सातव्या पट्टीवर राहवेना, मामांना फोन लावला.

माळशेजला आहे, सात पट्ट्या मोजून झाल्या, असं सांगितलं. मामा म्हणाले, "मध्येच बोललात. आता पुन्हा पहिल्यापासून मोजा. मी फोन धरून बसतो."