हळदीची गाणी सोडली त्या वर्षी

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. जानेफळच्या बाजूला आमचा भाजीचा मळा. मिरच्या तोडताना मी मनातल्या मनात गाणं जुळवायची. कोंबडी रुसली, वांग्याला कीड लागली, काहीही चालायचं. चारचौघींत तोंड उघडायची मला लाज, म्हणून हळूच जाऊबाईच्या कानात सांगायची आणि ती खड्या आवाजात गायची.

तिच्या आवाजानं माझी गाणी गावभर झाली आणि हळदीची बोलावणी येऊ लागली. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात नवरदेवाच्या सगळ्या गोताची नावं यावी लागतात. काका, मामा, आत्याचे यजमान म्हणजे फुफा, ज्याचा त्याचा मान. एका लग्नात धाकट्या मामाचं नाव मागून आलं, तर ते पंगतीला बसेनात. एका आत्याबाईचं नाव एवढं लांब, की ओळीत मावेना.

मग मळ्यातही डोक्यात लोकांचे मामा-फुफाच फिरू लागले. एक दिवस कोंबडी समोर रुसून बसली होती आणि मला एक ओळ सुचेना. आठ-पंधरा दिवस वाट पाहिली. काहीच नाही. भीती वाटली, की आटलं आता. मी मालकांना म्हटलं, कोणी आलं तर नाही म्हणून सांगा.

ते सांगायचे, "तिचा गळा बसला."

आतून जाऊ ओरडायची, "गळा तं माहा हाये! तो कधी बसला?"

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, घरोघर बसली. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत. गाणी झाली की त्या घरचा खाऊ झाकणाच्या डब्यात घालून पुढे करायचा. पोरींनी डबा हलवून आत काय ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही.

आमच्या घरची पाळी आली तेव्हा मी कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, गोड बोंडं तळली. मऊ खाऊ, डबा हलवला तरी वाजेना.

"खोबरं!"

"नाही."

"फुटाणे!"

"वाजून तं राह्यलं नाही व, फुटाणे कुठून?" दुसरी तिच्यावर खेकसली.

शेवटी दमून म्हणाल्या, "काकू, काही तरी खूण सांगा ना!"

मी एवढंच सांगणार होते, की वेलावर येतं. पण तोंडातून निघालं,

"गोठ्यावर चढून बसली, खाली येत नाही,
पिवळं लुगडं नेसली, पदर घेत नाही,
सासू मारते हाका, सून ओ देत नाही,
कढईत पडल्याबिगर गोड होत नाही!"

"कोहळं! कोहळ्याचे बोंडं!" पोरी नाचायलाच लागल्या.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काऊन व, हे सासू कोणती? माह्यावर रचलं काय?"

"गोठ्यावर चढून पाहा मंग, सून दिसते का," जाऊ म्हणाली. सासूबाई हसता हसता खालीच बसल्या.

"काकू, पुन्हा म्हणा!"

मी पुन्हा म्हटलं, माझ्याच आवाजात. मग पोरींनी मला हाताला धरून पुढच्या घरी नेलं. तिथल्या बाईनं खाऊ काय ते माझ्या कानात सांगितलं आणि मी खुणेचं गाणं केलं. कोजागिरीपर्यंत रोज असंच. सकाळी रात्रीचं गाणं आठवायचं नाही, आणि आठवावं असं वाटायचंही नाही. संध्याकाळी दुसरं येणारच होतं.

तुळशीच्या लग्नानंतर एक बाई हळदीचं बोलावणं घेऊन आली. मालक गळ्याचं सांगायला उठले, तर मीच पुढे झाले.

"येईन बाई. पण नावं घेणार नाही. माह्या मनातलं म्हणीन."

तिनं बोटांवर घरचे मामा-फुफा मोजून पाहिले. मग म्हणाली, "बरं. पण त्यात आमच्या म्हशीचं काही येऊ द्या. लई गुणाची हाये."

ते गाणं फारच लांबलं. नवरदेवाच्या अंगावरची हळद वाळून गेली, तरी बाया उठेनात.