समुद्रावरून कोरडी परत

मी खोटं लिहिलं. तेही कुठे, तर समुद्राच्या तळाशी जायच्या आधी भरून द्यायच्या अर्जावर. 'गेल्या तीन महिन्यांत कोरोना झाला होता का?' असा साधा सरळ प्रश्न होता. मी चष्मा लावला, प्रश्न दोनदा वाचला आणि 'नाही'वर अशी दाबून खूण केली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. कोरोना मला गणपतीत झाला होता आणि मालवणच्या वाळूत उभी राहून मी हा पराक्रम केला तो दिवाळी होऊन चार दिवस झाल्यावर.

तेव्हा मी तरुण होते, चौसष्ट वर्षांची. आता अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे वळून बघते तर वाटतं, हिला घरातून सोडलं कुणी? तशी ती लहानपणापासूनच तसली. नववीत असताना मळ्यातल्या विहिरीचा तळ गाठल्याची खूण म्हणून मूठभर गाळ वर आणून दाखवायची आमच्यात पद्धत होती. ही बया गाळ आधीच ओच्यात बांधून उडी मारायची.

पण अर्जावरच्या खोट्याचा सगळा दोष माझा एकटीचा नाही, थोडा आमच्या दोन राज्यांच्या सीमेवरच्या निपाणीचाही आहे. आमची लेक दिली कागलला, दाताचा डॉक्टर कोल्हापुरात, रेशनकार्ड इकडचं, मुलगा नोकरीला बेळगावात. कोरोनात कोगनोळीच्या नाक्यावर दांडी आडवी पडली आणि आमच्या रोजच्या जगण्याचे दोन तुकडे झाले. मग माणसं शिकली. पलीकडच्या पोलिसाला म्हणायचं, "दवाखान्यात निघालोय साहेब." अलीकडच्याला म्हणायचं, "मनीगे होंटेव्री," म्हणजे घरी निघालोय हो. खरं काय याच्याशी कुणाला देणंघेणं नसायचं, दांडी वर गेली की झालं. दीड वर्षात माझ्या हाताला अशी सवय लागली की कुणीही कागद पुढे केला की दांडी वर जाईल तेच उत्तर आपोआप उमटायचं.

मालवणचं खूळ मात्र नातीचं. पुण्याचं कॉलेज बंद, ती दीड वर्ष आमच्या माडीवर लॅपटॉपसमोर बसून. एकदा तिनं मला मोबाइलवर दाखवलं. पाठीवर टाकी, तोंडात नळी आणि आजूबाजूला पिवळे मासे. पण पोरगी विचारी. स्वतःच म्हणाली, "आज्जी, लोकांना बेड मिळत नव्हते परवापर्यंत आणि आपण मासे बघायला जायचं? बरं दिसतं का ते?"

"आता मिळतायत की," मी म्हटलं. "आणि तिथल्या होडीवाल्यांनी काय धंदा सोडून नुसतं घरी बसायचं का?"

तिनं मालवणच्या एका होडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, होड्या आता कुठे पाण्यात उतरल्यात, माणसं निम्मीच घेतो, नळ्या औषधाच्या पाण्यात धुतो, या. जेवताना विषय निघाला तेव्हा आमच्या ह्यांनी भाकरी ताटात ठेवली. हे निवृत्त मास्तर, गणिताचे. बोलणं मोजकं.

"सगळं जग सहा फूट लांब राहा म्हणतंय," हे म्हणाले, "आणि तुम्ही परक्या माणसाची नळी तोंडात घालणार?"

"धुतात हो."

"भांडीपण धुतात. म्हणून कुणी हॉटेलातला चमचा चोखत बसतं का?"

शेवटी तह झाला. पोरीचं वय आहे, तिला जाऊ दे. मी नुसती होडीत बसेन, वरून मासे बघेन. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग मीपण येतो."

मला आत उतरायचंच होतं. आजारात चौदा दिवस मागल्या खोलीत पडून छताकडे बघितलं होतं मी. फोडणीचा वास नाही, चहाला चव नाही. तेव्हाच ठरवलं होतं की यापुढे कुणी कशाला ये म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. माझा बेत ओळखून नात विचारायला लागली, "डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हटलं, "खुशाल जा म्हणाले." डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं ना!

तिघांनी नाकात काडी घालून घेतली, कारण रिपोर्ट असल्याशिवाय परत येताना आपल्याच गावात आपल्याला घेईनात. रिपोर्ट बहात्तर तास चालायचा. तेवढ्यात मालवण गाठून माघारी यायचं. राधानगरीवरून फोंड्याचा घाट उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूत उभे. हे लिंबू शोधायला गेले, होडीत मळमळेल म्हणून. तेवढ्या वेळात मी तो अर्ज भरला.

मग तो रबरी सूट. मापाचा नव्हताच. दोन कोळणी बायकांनी एकीनं पुढून, एकीनं मागून ओढून मला त्यात कोंबलं. एक म्हणाली, "पोट आत घ्या." मी म्हटलं, "बाई, तीस वर्षं तेच चाललंय." झोपडीतून बाहेर आले ती चकचकीत काळी, वांग्यासारखी. हे समोरून लिंबू घेऊन येत होते. थांबले.

"हे काय?"

"ऊन लागतंय म्हणून," मी म्हटलं.

ह्यांनी मान वर करून उन्हाकडे बघितलं. मला वाटलं, सुटले. होडीत चढताना माझा हात धरून मला वर घेतलं, शेजारी बसले आणि लिंबू हुंगत राहिले. समुद्रातला किल्ला जवळ आला तशी होडी थांबली, हलायला लागली. ह्यांचा चेहरा हिरवट झाला. पाण्यात नेणारा पोरगेला माणूस अर्जांची चळत घेऊन उभा राहिला आणि रोजच्या सवयीनं म्हणाला, "सगळे ठणठणीत ना? कोरोना कुणाला झाला नव्हता ना?"

आणि त्या हेलकावणाऱ्या होडीत, एका हातानं काठ धरून, आमचे मास्तर उभे राहिले.

"हिला झालता. गणपतीत. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर गेलता."

त्या माणसानं माझा अर्ज वर काढला. मी म्हटलं, "अहो, चुकून खूण पडली असेल."

"चुकून?" त्यानं कागद उन्हात धरला. भोकातून त्याचा डोळा दिसला. "आजी, कागद फाटलाय!"

होडीत हशा पिकला. तो मात्र हसला नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला. "वर दम लागला तर माणूस बसतो, पाणी पितो. खाली दम लागला की घाबरतो, श्वास कोंडून झपकन वर येतो. त्यात फुफ्फुस फाटतं. आणि इथून मोठा दवाखाना किती लांब आहे, ठाऊक आहे ना?"

"मला पोहता येतं. विहिरीत—"

"विहिरीत येवंदे. हय मी तुमका खाली नेवचंय नाय."

नातीचा चेहरा बघवेना. "आज्जी, डॉक्टरांचंपण खोटंच होतं?" तिनं विचारलं. मी समुद्राकडे बघितलं. तिला म्हटलं, "तू जा गं. माझ्या वाटचे मासेपण बघून ये."

ती गेली. मी सूट घालून होडीत बसले, कोरडी ठणठणीत. ह्यांनी अर्धं लिंबू पुढे केलं, मी घेतलं नाही. अर्ध्या तासानं नात वर आली ती ओरडतच. निळे मासे, काळ्या पट्ट्यांचे मासे, एक तर म्हणे तिच्या काचेवर चोच मारून गेला! ती रडत होती की खारं पाणी होतं, कळेना. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या, खऱ्याच वाजवल्या, पण ह्यांच्याकडे पाठ करून.

सूट काढायला तीन बायका लागल्या. त्याचं वर्णन करत नाही.

परतताना घाट चढेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. वर एका टपरीवर गाडी थांबली. नात भजी सांगायला गेली, आम्ही दोघं बाकड्यावर उरलो. मग मी तोंड उघडलं. "जन्मात एकदा चारचौघांत बोललात, तेपण माझ्याविरुद्ध. मेले असते तर मेले असते, मासे तरी बघून मेले असते. तुमचं काय जात होतं?"

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू मागल्या खोलीत होतीस तवा मी दाराला कान लावून बसायचो. तू घोरायला लागलीस की मग उठून जेवायचो. समुद्राला कान कुठं लावू, सांग की."