आर्डिसबाईंचे तीन नकार

ऑगस्टअखेरच्या उन्हाला नावं ठेवणारा माणूस आर्डिस ट्वेटला मुळीच खपत नसे. सहा महिने फावड्याने बर्फ उपसायचा, आणि जेमतेम चार दिवस अंग शेकायला मिळाले की ‘काय हा उकाडा’ म्हणत एसी लावून बसायचं, याला ती करंटेपणा म्हणायची. त्र्याहत्तराव्या वर्षीही ती भर दुपारी बागेतला, उन्हाने गरम झालेला टोमॅटो तोडायची, मिठाची डबी घ्यायची आणि लाकडी धक्क्याच्या टोकाला तळ्यात पाय सोडून बसायची. रस कोपरापर्यंत ओघळला तरी पुसायची नाही.

धक्क्याच्या डाव्या अंगाला, पाण्यापर्यंत उतरणारा रानफुलांचा एक पट्टा होता. त्यात पिवळी गोल्डनरॉड होती आणि आपल्या रुईच्या कुळातली मिल्कवीड होती. या दिवसांत मिल्कवीडच्या पानापानावर पट्टेरी सुरवंट असत. त्यांची नारिंगी फुलपाखरं होऊन दक्षिणेला निघाली की आर्डिसच्या लेखी उन्हाळा संपला. चाळीस वर्षं तिने तो पट्टा पोटच्या पोरासारखा राखला होता. फक्त तो तिचा नव्हता. शेजारचं घर गेल्या वर्षी टेक्सासच्या क्रेग डेलाहंटने घेतलं, त्याने जागा मोजून घेतली, आणि पट्टा त्याच्या हद्दीत निघाला.

जुलैत तो स्वतःहून विचारायला आला. “आर्डिस, हे तण काढून पाण्यापर्यंत हिरवळ करावी म्हणतो. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला माझी सगळी मंडळी यायचीत. तुमची काही हरकत?”

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तण म्हणे. तिने तळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बघा बुवा. जागा तुमची.” मग, औंदा कणीस उशिरा भरलं, असं काहीतरी बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या दारात काकडीसारखी दिसणारी, हातभर लांब झुकिनी नेऊन ठेवली.

मिनेसोटाच्या त्या मुलखात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. राग आला की माणूस हवापाण्याचं बोलतो आणि दुसऱ्या दिवशी खायला काहीतरी नेऊन देतो. घेणाऱ्याने ओशाळून यायचं, ‘माझं काही चुकलं का’ म्हणून विचारायचं, आणि कॉफीच्या तिसऱ्या कपाला खरं काय ते निघायचं. आर्डिसचा दीर एकदा तिच्या शेवंतीवरून बोटीची गाडी घेऊन गेला होता. झुकिनी मिळाल्यावर तो संध्याकाळच्या आत दारात हजर होता.

क्रेगने झुकिनी खाल्ली आणि चिठ्ठी पाठवली, ‘तुमच्यासारखी शेजारीण भाग्याने मिळते.’ पुढे त्याने आणखी दोनदा विचारलं. आर्डिस एकदा पावसाचं बोलली, एकदा डासांचं. एकदा रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या दिल्या, एकदा बीटाच्या लोणच्याची बरणी. ते सगळं त्याने मिटक्या मारत संपवलं.

“तोंडाने सांगितलंस का त्याला?” समोरच्या लवर्नने विचारलं.

“तीनदा दिलं की गं.”

“काय दिलंस?”

आर्डिसने यादी सांगितली. लवर्न कपाळावर हात मारून म्हणाली, “बीटसुद्धा? मग आणखी काय हवं मेल्याला?”

लेबर डेच्या आदल्या शुक्रवारी दुपारी आर्डिस टोमॅटो घेऊन धक्क्यावर बसली, आणि गवत कापायच्या मशीनचा आवाज आला. ती धावली. निम्मा पट्टा आडवा झाला होता. हवेत चिकाचा वास भरला होता. ती मशीनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि हातातला टोमॅटो तिने क्रेगच्या छातीवर फेकून मारला.

“नाही!” ती म्हणाली. “कळलं? नाही. एक पान तोडायचं नाही.”

क्रेगने मशीन बंद केलं. त्याच्या पांढऱ्या शर्टावरून बिया ओघळत होत्या. “अहो, मी तीनदा विचारलं तुम्हाला.”

“आणि मी तीनदा सांगितलं. नुसता गिळत होतास.”

“गिळत...? तुम्ही प्रेमाने देताय असं वाटलं मला.” तो खरंच गोंधळला होता. “आर्डिस, मला काय, कुठेही हिरवळ चालली असती. नाही म्हणाला असतात तर तिथेच विषय संपला असता.”

हे ऐकून ती जास्तच भडकली, कारण ते खरं होतं. मेल्याने निदान लबाडी तरी करायची होती, म्हणजे सगळा दोष त्याच्या पदरात घालता आला असता. चाळीस वर्षांची राखण, आणि एक शब्द तोंडातून निघाला नाही. निघाला तेव्हा किती सोपा निघाला. तिला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

ती उन्हात गुडघ्यांवर बसली आणि कापलेल्या देठांवरचे सुरवंट एकेक करून टोपीत गोळा करू लागली. उभ्या राहिलेल्या झाडांवर नेऊन सोडू लागली. काही चिरडले होते. ते तिने बाजूला ठेवले.

क्रेगने शर्टावरच्या बिया झटकल्या. “मी मदत करू, का जाऊ?” त्याने विचारलं.

‘बघा बुवा’ तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“जायचं नाही,” ती म्हणाली. “आधी बूट काढ. तुझ्या पायाखाली सुरवंट आहेत.”